फाटकातला गुलमोहर, ड्रममधलं गवत

सुदामा नगरातलं आमचं घर शोधायला कुणाला नंबर लागायचा नाही. टेम्पोवाल्याला 'गुलमोहरवाला मकान' म्हटलं की तो बरोबर फाटकाशी आणून सोडायचा. बाबांनी तो गुलमोहर वास्तुशांतीच्या दिवशी लावला होता. तेव्हा कॉलनीत घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. सगळीकडे काळी माती. ती पावसाळ्यात चपलांना धरून ठेवायची आणि उन्हाळ्यात इतकी तडकायची की भेगांत माझा अख्खा हात जायचा. त्या मातीत गुलमोहर बघता बघता वाढला. मी पाचवीत जाईपर्यंत त्याची सावली फाटक ओलांडून रस्त्यावर पडायला लागली होती, आणि भाजीवाला आपला ठेला तिथेच थांबवून बिडी ओढायचा. बाबांना त्याचा फार अभिमान. ते पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांचे आजोबा संस्थानाच्या दफ्तरात होते, आणि तीन पिढ्या इंदौरचं पाणी प्यायलो असं बाबा आल्यागेल्याला सांगत. कुणी झाडाचं कौतुक केलं की म्हणायचे, "अपने इंदौर का झाड है भिया, कहीं और ऐसा फूलेगा नहीं."

आम्हा मुलांचं निम्मं बालपण त्या झाडाखाली गेलं. कळ्या सोलायच्या, आतले पुंकेसर काढायचे, एकमेकांत अडकवून ओढायचे. ज्याची टोपी तुटेल तो हरला. फुलात एक पाकळी पांढरट, ठिपक्यांची असते. ती चावून खाल्ली की आंबट लागायची, आणि आईने बघितलं तर पाठीत धपाटा मिळायचा. हिवाळ्यात पानं झडली की लांब काळ्या शेंगा वाऱ्यावर वाजायच्या. सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून पोह्यांवर शेव भुरभुरवत बसले आहेत, दूर पिठाची चक्की सुरू झाली आहे आणि डोक्यावर शेंगांचा खुळखुळाट, हे चित्र मला आजही हवं तेव्हा बोलावता येतं. त्यात आई मात्र दिसत नाही. ती मागच्या अंगणात असायची.

मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीशी, बाबांनीच कारखान्यातून आणलेला लोखंडी ड्रम होता. आडवा कापून अर्धा केलेला. त्यात आईचं गवत होतं. आई रत्नागिरीकडच्या एका लहानशा बंदरगावची, पोस्टमास्तरांची धाकटी मुलगी. लग्न होऊन ती समुद्रापासून इतक्या लांब आली की पहिली काही वर्षं तिला झोपेत फार शांत वाटायचं आणि त्या शांततेनेच जाग यायची, असं ती सांगायची. तिचे वडील गेले, मामांनी घर विकलं, आणि दिवस करून परतताना तिने तिथून दोनच गोष्टी आणल्या. पोतंभर पुळणीवरची वाळू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला त्या गवताचा एक फुटवा. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, हा शब्द आमच्या घरात फक्त आई वापरायची. रतलामला गाडी बदलताना हमालाने पोतं उचललं आणि आत काय आहे ते विचारलं. आईने खरं सांगितलं तेव्हा त्याने पोतं परत खाली ठेवून तिच्याकडे नीट बघून घेतलं. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि आईही सगळ्यांबरोबर हसायची.

ते गवत दिसायला काही धड नव्हतं. ताठ, राखाडी हिरवं, सुईसारख्या टोकांचं. जवळून गेलं तर पोटरीला टोचायचं. त्याचा धागा वाळूवरून सरपटत ड्रमच्या कडेपर्यंत जायचा, तिथे लोखंड तापलेलं असायचं म्हणून परत वळायचा. आई सांगायची, तिकडे ह्या गवताला काट्यांचे गोल चेंडू येतात, वाळले की सुटतात आणि वाऱ्याबरोबर पुळणीवरून पळत सुटतात. ती आणि तिच्या बहिणी त्यांच्यामागे पळायच्या. जिचा चेंडू आधी पाण्याला लागेल ती जिंकली. आमच्या ड्रमात कधी चेंडू आला नाही. उन्हाळ्यात लू सुटली की मात्र ते गवत कोरडं सळसळायचं आणि आई भांडी घासता घासता हात थांबवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, डोळे मिटले तर अगदी तसाच आवाज येतो. मी डोळे मिटून बघितले. मला तर काही वेगळं ऐकू आलं नाही.

नारळी पौर्णिमेला सगळं इंदौर राखीच्या गडबडीत असायचं. आई सकाळी न्हाऊन, नेसूचं बदलून, त्या ड्रमला हळदकुंकू वाहायची आणि वाळूत एक नारळ ठेवायची. समुद्राला वाहिलेला नारळ परत घ्यायचा नसतो, पण इंदौरात बरा नारळ मिळायची मारामार, तेव्हा संध्याकाळपर्यंत तो समुद्राचा आणि मग आमचा, अशी तिने तोड काढली होती. रात्री नारळीभात. लवंगेचा वास, तुपात परतलेला तांदूळ, आणि बाबांचं दर वर्षीचं वाक्य, की ह्यावर थोडी शेव असती तर बहार आली असती. शेजारच्या शर्मा भाभीजींनी एकदा भिंतीवरून हे सगळं बघितलं आणि विचारलं, "भाभीजी, आप लोग घास को भी पूजते हो क्या?" आईचं हिंदी शेवटपर्यंत मोडकंच राहिलं. ती म्हणाली, "ये समुद्र है भाभीजी. छोटा है."

एवढं सगळं मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे केलं ते नकळत केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मला वनस्पतिशास्त्र होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत करायला मॅडमनी काम दिलं. दोन वेगळ्या ठिकाणच्या वनस्पती घ्यायच्या, वाळवून मोठ्या कागदावर चिकटवायच्या आणि खाली तुलनेचा तक्ता करायचा. कॉलेज उघडलं की प्रदर्शन होणार, पहिल्या येणाऱ्याला प्रमाणपत्र. वर्गातल्या सगळ्या मुली जास्वंद आणि मका करणार हे ठरलेलंच होतं. माझ्या डोक्यात विजेसारखं आलं, की माझ्या घरी पुढच्या फाटकात उष्ण देशातलं फुलझाड आहे आणि मागच्या अंगणात समुद्रकाठचं गवत. इंदौरात दुसऱ्या कुणाकडे असणार आहे? मी मॅडमना विचारलं तेव्हा त्यांचेही डोळे चमकले. त्या म्हणाल्या, झाड मोठं असेल तर फांदी चालेल, पण गवत असेल तर मुळासकट पाहिजे. मूळ नसेल तर नमुना अपुरा धरणार.

गुलमोहराची फांदी मिळवणं सोपं होतं. बाबांनी स्वतः शिडी लावून, निवडून, फुलांचा तुरा असलेली डहाळी काढून दिली. तेव्हा झाड भर फुलात होतं आणि शाळेतून परतणारी मुलं खाली पडलेल्या पाकळ्यांत चपला घासत जायची. गवताचं मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, कदाचित तिने स्वतःच्या हाताने एक फुटवा मुळासकट अलगद काढून दिला असता आणि बाकीचं राखलं असतं. हे मला आज समजतं. तेव्हा मला वाटलं, कशाला विचारा, उगाच दहा प्रश्न. त्या दिवशी आई-बाबा बेटम्याला बाबांच्या चुलतभावाकडे बारशाला गेले होते. मी दुपारी खुरपं घेतलं आणि ड्रमशी बसले.

एकच धागा काढायचा माझा बेत होता. पण तिथे एकेकटं काही नव्हतंच. मी एक ओढायला गेले की दुसरं हलायचं, दुसरं सोडवायला गेले की तिसरं तुटायचं. मुळं खोल, बारीक, आणि प्रत्येक मूळ मूठभर वाळू धरून बसलेलं. शेवटी मी ड्रम आडवा केला, सगळं गवत बाहेर ओढलं आणि न्हाणीतल्या नळाखाली धरून मुळं धुतली. मॅडमनी सांगितलं होतं, मातीचा कण राहता कामा नये. सगळ्यात चांगला धागा बाजूला काढला. उरलेलं परत वाळूत खोचलं आणि पाणी घातलं. गवतच ते, येईल परत, असं मला खरंच वाटलं. मालव्यातलं गवत येतं तसं. इथे दूर्वा उपटून फेकल्या तरी आठ दिवसांत परत हजर असतात. मी वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी, आणि माझा सगळा आडाखा आमच्या अंगणातल्या दूर्वांवरचा.

वर्तमानपत्रांच्या घड्यांत दोन्ही नमुने ठेवून मी ते घरातल्या सगळ्यात जड गादीखाली सारले. ती आई-बाबांची कापसाची गादी होती.

संध्याकाळी आई आली, पाय धुवायला मागे गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ती ड्रमपाशी उकिडवी बसून एकेक काडी सरळ करत होती, भोवतीची वाळू बोटांनी दाबत होती. ती मला ओरडेल म्हणून मी तयार होते, उत्तरंही तयार होती. तिने एवढंच विचारलं, की उन्हात काढलंस का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, संध्याकाळी काढायला हवं होतंस. मग तिने पदराला हात पुसले आणि कढी टाकायला आत गेली. पुढचे आठ दिवस ती रोज त्या काड्यांवर ओलं पोतं धरायची, आणि रात्री त्या गादीवर झोपायची जिच्याखाली त्यातली सगळ्यात चांगली काडी वाळत होती. नवव्या दिवशी तिने पोतं धुऊन दोरीवर टाकलं.

त्यानंतर वाळू उडायला लागली. लूचे दिवस, वारा मागच्या भिंतीवरून सरळ अंगणात उतरायचा. इतकी वर्षं तोच वारा, तोच ड्रम, पण वाळूचा कण जागचा हलला नव्हता. आता दुपार झाली की ती ओट्यावर, न्हाणीत, वाळत घातलेल्या पापडांवर. पोह्यांत दाताखाली कचकच यायला लागली. आई रोज सकाळी केरसुणीने ती वाळू गोळा करायची आणि परत ड्रमात टाकायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. बाबांना शेवटी राग आला. एका रविवारी त्यांनी ड्रम ओढत पुढे नेला आणि उरलेली वाळू गुलमोहराच्या बुंध्याशी ओतली. म्हणाले, "फालतू में पूरे घर में फिर रही है, इथे तरी कामी येईल." आई फाटकाशी उभी होती. मी खिडकीतून बघितलं आणि परत कागदाकडे वळले. माझं तेव्हा तक्त्याचं काम चाललं होतं.

तक्ता मी फार सुरेख केला होता. डावीकडे गुलमोहर, उजवीकडे गवत, मधे शाईची रेघ. नाव, कुळ, मूळ स्थान, मूळ, खोड, पान, फूल, आणि सगळ्यात खाली उपयोग. सगळं इंग्रजीत. कॉलेजला न्यायच्या आदल्या दिवशी मी तो कागद जेवणघरात पसरला होता. आई भुट्ट्याचा कीस करायला कणसं किसत बसली होती. ती मराठी सातवी शिकलेली, तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणाली, काय लिहिलंस ते मला वाचून दाखव. मी खुशीत आले. एकेक ओळ मराठी करून वाचत गेले. गुलमोहराचं मूळ स्थान मादागास्कर, असं वाचलं तेव्हा तिने किसणं थांबवलं.

"ते कुठे आलं?"

"आफ्रिकेच्या बाजूला बेट आहे मोठं."

"म्हणजे हा समुद्रापलीकडून आलाय." ती फाटकाच्या दिशेला बघत म्हणाली. "आणि गवत?"

"ते आपलंच. आपल्या किनाऱ्यावरचं."

ती जराशी हसली. पुढे वाच म्हणाली. मी वाचत गेले आणि शेवटच्या ओळीशी आले. गुलमोहर: सावली, शोभा, रस्त्याकडेला लावण्यास योग्य. गवताच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता. निल. तो मी न वाचता सोडू शकले असते. काहीतरी बनवून सांगू शकले असते, तिला कळणार थोडंच होतं. पण मला माझ्या तक्त्याचा इतका गर्व होता की मी तोही मराठी करून वाचला.

"काही उपयोग नाही?" तिने विचारलं.

"पुस्तकात नव्हताच काही, आई. गुरं खात नाहीत, औषधात नाही. मग तसंच लिहितात."

तिने परत कणीस हातात घेतलं. "तुला मार्क मिळणार ना? मग बरोबरच असेल."

मला पहिला नंबर मिळाला. मॅडमनी पूर्ण मुळासाठी माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मागचं अंगण मोकळंच होतं. ड्रमात बाबांनी कोळसा भरला होता. आईने नारळ आणला, पण मागे गेली नाही. तो घेऊन ती आतल्या लहान खोलीत गेली, दार लोटलं, थोड्या वेळाने बाहेर आली आणि नारळ फोडला. नारळीभात झाला, बाबा शेवेचं बोलले. पुढे दर वर्षी ती तसंच करायची. आम्हाला वाटायचं, आत देवाच्या फोटोला दाखवत असेल. प्रदर्शनातून परत आलेला माझा कागद मी कपाटावर टाकला होता. तो कधीतरी दिसेनासा झाला. रद्दीत गेला असेल असं धरून मी विसरून गेले.

पुढे मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. समुद्रकाठची गवतं वाळू बांधून ठेवतात, ती नसतील तर वारा किनारा उडवून नेईल, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा खडू हातात तसाच राहिला होता. मुलींना वाटलं मी पुढचं विसरले. घरी जाऊन आईला सांगायचं असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि घरी गेल्यावर दुसरंच काहीतरी निघालं. नंतर सांगायचं म्हटलं तर जुनी गोष्ट उकरून काढल्यासारखं झालं असतं. असं म्हणत म्हणत राहिलं ते राहिलंच.

एकदा शाळेची सहल घेऊन मी कोकणात गेले होते. एका पुळणीवर ते गवत लांबपर्यंत पसरलेलं होतं आणि त्यात चेंडूही होते, खरोखरच पळणारे. मी वाकले, एका फुटव्याला हातही लावला. पण मुली बसमध्ये ताटकळत होत्या, दोन दिवसांचा परतीचा प्रवास होता, आणि एवढ्या वर्षांनी ते घेऊन तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली. मी कोकम घेतलं. घरी आल्यावर आईने कोकमाची पिशवी उघडून वास घेतला आणि विचारलं, "तिथे ते गवत आहे का अजून?" मी म्हटलं, आहे, भरपूर. ती म्हणाली, "मग बरं आहे."

बाबा गेले. त्यानंतर काही वर्षांनी गुलमोहर वादळात अर्धा मोडला. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. माझ्याच तक्त्यात लिहिलं होतं तसं. उरलेला बुंधा भिंतीवर कलला म्हणून कापावा लागला. टेम्पोवाले आता नंबर विचारतात.

आणि मागच्या वर्षी आई गेली. तिची ट्रंक मी एकटीने उघडली. खाली, एका विटक्या सुती साडीच्या घडीत, तो कागद होता. गुलमोहराच्या फुलांचा रंग पार उडून ती चहाच्या पाण्यासारखी झाली होती. गवत मात्र होतं तसंच होतं, ताठ, राखाडी. फक्त त्याच्या मुळाशी कागद लाल-पिवळा झाला होता. हळदीवर कुंकू, कुंकवावर हळद, थरावर थर, दर नारळी पौर्णिमेचं एकेक बोट. जुने थर कागदात मुरून काळपट झालेले, वरचा अजून सुटा होता. तो माझ्या बोटाला लागला.

खाली माझा तक्ता होता. शेवटच्या ओळीत माझ्या वळणदार अक्षरात 'निल'. इतक्या वर्षांत तिने त्या अक्षरांवर कुंकवाचा एक कण सांडू दिला नव्हता. माझा कागद तिने खराब होऊ दिला नव्हता.